सर्वांत मोठा कीटक कोणता? आधी मोजायचं काय ते ठरवू

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: घराच्या सोप्यावर, दिव्याखालच्या भिंतीवर एक तांबूस-तपकिरी पतंग दोन दिवस बसून आहे. पंख पसरलेले असताना वीतभर तरी भरतो. पंखांच्या टोकांवर सापाचं तोंड काढल्यासारखं दिसतं म्हणून सासूबाई मुलांना जवळ जाऊ देत नाहीत. आठवीतला मुलगा म्हणतो, हा जगातला सर्वांत मोठा कीटक. हे खरं आहे का? तो काही खात का नाही? आणि त्याला हाकलायचं की राहू द्यायचं?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर तुम्हाला आज रात्रीच लागणार आहे. त्याला हाकलू नका, खोक्यात घालू नका, समोर साखरपाणी ठेवू नका. फक्त रात्री सोप्यावरचा दिवा बंद ठेवा. तुमच्याकडे आलेला पाहुणा अ‍ॅटलस पतंग आहे. सह्याद्रीत आणि श्रीलंकेत जी जात सापडते तिचं शास्त्रीय नाव अ‍ॅटॅकस टॅप्रोबॅनिस. ईशान्य भारतापासून पुढे इंडोनेशियापर्यंत दिसणारा अ‍ॅटॅकस अ‍ॅटलस हा तिचा अगदी जवळचा नातलग.

दिवा बंद ठेवायला सांगतो त्याला कारण आहे. पतंग दिव्याला चंद्र समजून फसतात असं आपण शाळेपासून ऐकत आलो. २०२४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याजवळ उडणारे कीटक टिपले, आणि दिसलं ते निराळंच. उडताना कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री जंगलात जास्त उजळ बाजू नेहमी आकाशाची असते, त्यामुळे पाठ वर, पोट खाली हा तोल आपोआप सांभाळला जातो. बाजूला बल्ब आला की पाठ बल्बकडे वळते, शरीर कलंडतं आणि तो जीव त्याच्याभोवती घिरट्या घालत राहतो. त्याला उजेडाची ओढ नसते, त्याला तिथून सुटता येत नसतं. ज्याचं प्रौढपणीचं सगळं आयुष्य जेमतेम आठवडा-दहा दिवसांचं, त्याचे दोन दिवस तुमच्या भिंतीवर गेले आहेत.

तो खात नाही, कारण खायला त्याला तोंडच उरलेलं नाही. अ‍ॅटलसच्या प्रौढ पतंगात मुखावयव इतके खुरटलेले असतात की त्यांचा काही उपयोग नाही. अळी असताना पानं खाऊन जी चरबी साठवली, तिच्यावरच त्याने उडायचं, जोडीदार शोधायचा आणि संपायचं. अळी मोठी देखणी असते: निळसर हिरवी, अंगावर मांसल काटे आणि त्यावर पांढरी मेणचट भुकटी. पूर्ण वाढली की १० सेंटीमीटरच्या वर जाते. तुमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, दालचिनीचं झाड असेल तर तिथे जरूर बघा. वाळलेल्या पानात गुंडाळलेला, देठाला रेशमाने घट्ट बांधलेला राखाडी-तपकिरी कोश सापडला तर याचं जन्मस्थान तेच असण्याची शक्यता बरीच आहे.

नर की मादी हे मुलाला ओळखायचं असेल तर डोक्यावरच्या मिशा जवळून बघू द्या. रुंद, पिसासारख्या मिशा नराच्या. मादीच्या त्यामानाने अरुंद असतात, पण पोट जाड आणि पंख मोठे. मादी कोशातून बाहेर पडली की फारशी लांब जात नाही. ती हवेत गंध सोडते आणि नर त्या पिसांसारख्या मिशांनी तो दुरून हेरतो. म्हणून दिव्याशी अडकलेला नर म्हणजे कुठेतरी वाट बघणारी एक मादी, हे ध्यानात ठेवलं तर दिवा बंद करणं जड जाणार नाही.

सासूबाईंचं निरीक्षण मात्र अचूक आहे. पुढच्या पंखाचं टोक जिथे वळतं तिथे डोळ्यासारखा काळा ठिपका आणि तोंडाच्या रेघेसारखी कड असते. डिवचल्यावर हा पतंग जमिनीवर पडून पंख सावकाश हलवतो, तेव्हा ते टोक खरोखर सापाने मान हलवावी तसं दिसतं. पक्ष्यांना दूर ठेवण्यासाठी हे असावं असं मानतात. पण तो चावत नाही, डंख करत नाही, विषारी नाही. पंखांवरची पूड डोळ्यांत गेली तर आंधळेपण येतं हा समज आपल्याकडे खूप आहे. ती पूड म्हणजे बारीक खवले. डोळ्यांत गेले तर कचकच होईल, पाण्याने धुतले की झालं. पतंगाला हात न लावण्याचं खरं कारण उलट दिशेचं आहे: खवले निघाले आणि पंख फाटले की ते पुन्हा येत नाहीत.

आता मुलाच्या म्हणण्याकडे. जगातला सर्वांत मोठा कीटक हा नव्हे. पण त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं ठरवू नका, कारण बरीच वर्षं पुस्तकांतून अ‍ॅटलसला पतंगांमधला सर्वांत मोठा म्हणून मान मिळत आला. गोंधळ होतो तो ‘मोठा’ म्हणताना काय मोजलं हे न सांगितल्यामुळे. पंखांचा विस्तार, पंखांचं क्षेत्रफळ, अंगाची लांबी, पायांसकट लांबी आणि वजन या सगळ्या वेगळ्या स्पर्धा आहेत आणि प्रत्येकीचा विजेता वेगळा आहे.

पंखांच्या विस्तारात पहिला नंबर मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या ‘व्हाइट विच’ नावाच्या फिकट राखाडी पतंगाचा. त्याच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत सुमारे ३० सेंटीमीटर भरतात. पण त्याचे पंख लांब आणि अरुंद असतात. क्षेत्रफळ बघायला गेलात तर न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियातला हर्क्युलस पतंग पुढे जातो. त्याची मादी पंख पसरते तेव्हा सुमारे ३०० चौरस सेंटीमीटर जागा व्यापते. आपला अ‍ॅटलस या दोघांच्या पंगतीत बसतो, एवढं त्याच्याबद्दल ठामपणे म्हणता येतं.

दिवसा उडणाऱ्या फुलपाखरांत मान आहे तो पापुआ न्यू गिनीतल्या ‘क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग’चा. मादीचा पंखविस्तार २५ सेंटीमीटरच्या पुढे जातो. १९०६ साली अल्बर्ट मीक या संग्राहकाला ती पहिल्यांदा मिळाली, तीही जाळ्यात नव्हे: झाडांच्या शेंड्यावर उडणारं ते फुलपाखरू त्याने छर्‍याच्या बंदुकीने पाडलं. पंखांना भोकं पडलेला तो नमुना लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. आज ही जात पापुआच्या एकाच प्रांतातल्या थोड्या जंगलात उरली आहे. तिची अळी एकाच प्रकारच्या वेलीवर जगते. १९५१ साली माउंट लॅमिंग्टन ज्वालामुखीच्या उद्रेकात तिचं बरंच जंगल गेलं, आणि उरलेल्यात पुढे पाम तेलाच्या बागा घुसल्या. त्या वेलीचा विषय मी पुढे पुन्हा काढणार आहे, कारण तिची बहीण आपल्या रानात आहे.

लांबीच्या स्पर्धेत काडीकिड्यांसमोर कोणीच टिकत नाही. २००८ साली बोर्निओतल्या फोबेटिकस चानी या काडीकिड्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. पुढचे पाय ताणून मोजला तर ५६.७ सेंटीमीटर, आणि नुसतं अंग मोजलं तर ३५.७. एकाच नमुन्याची ही दोन मापं बघा! बातमी कुठलं माप उचलते त्यावर विक्रम ठरतो. पुढे २०१४ साली चीनच्या ग्वांग्शी प्रांतात ६२.४ सेंटीमीटरचा काडीकिडा मिळाला. त्याचं नाव फ्रिगॅनिस्ट्रिया चायनेन्सिस. त्याच जातीचा, चेंगडूच्या कीटक संग्रहालयात वाढलेला एक किडा २०१७ साली ६४ सेंटीमीटर भरला. हे आकडेही पायांसकटचे आहेत. मुलाला वहीत लिहायचं असेल तर ‘पाय ताणून’ हे दोन शब्द आकड्याशेजारी लिहायला सांगा.

वजनाची गोष्ट मला स्वतःला सर्वांत जास्त भावते, कारण वजन हे शरीराचं खरं मोजमाप आहे. पंख आणि पाय हवेत पसरता येतात, वजन पसरता येत नाही. न्यूझीलंडमध्ये वेटा नावाचे बिनपंखांचे, नाकतोडा-रातकिड्यांच्या कुळातले कीटक आहेत. त्यातला ‘वेटापुंगा’ सर्वांत थोर. सर्वसाधारण मादी ३५ ग्रॅमच्या आसपास असते, पण अंड्यांनी भरलेल्या एका मादीचं वजन ७१ ग्रॅम नोंदलं गेलं. दोन चिमण्या मिळूनही एवढ्या भरणार नाहीत. न्यूझीलंडच्या जमिनीवर वटवाघळं सोडली तर मूळचे सस्तन प्राणी नव्हतेच. रात्री जमिनीवर फिरून पाला खाण्याचं, एरवी उंदरांनी केलेलं काम तिथे या कीटकाने सांभाळलं. माणसाबरोबर खरे उंदीर आले आणि मुख्य भूमीवरून वेटापुंगा नाहीसा झाला. तो तगला तो ‘लिटल बॅरियर’ या एका बेटावर. ऑकलंडच्या प्राणिसंग्रहालयाने त्याची पैदास करून त्याला उंदीरमुक्त बेटांवर पुन्हा सोडलं आहे.

आफ्रिकेतल्या गोलायथ भुंग्याचं नाव याच संदर्भात येतं. त्याची अळी १०० ग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे वेटापुंगापेक्षाही जड. पण कोशातून निघालेला भुंगा त्याच्या निम्म्यावर येतो, कारण बरंच वजन शरीर बदलण्यात खर्ची पडतं. आता अळीला प्रौढाबरोबर तोलायचं का? माझं मत नाही असं आहे. पण तसं करणारी माणसं आहेत आणि म्हणून ‘सर्वांत वजनदार कीटक’ शोधलं की दोन वेगळी उत्तरं मिळतात. अगदी ताजी भर २०२५ ची: ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या डोंगराळ वर्षावनात ४० सेंटीमीटर लांब आणि ४४ ग्रॅम वजनाचा काडीकिडा सापडला. त्याला अ‍ॅक्रोफायला अल्टा असं नाव दिलं. झाडांच्या उंच शेंड्यांवर राहत असल्यामुळे एवढा मोठा जीव आजवर नजरेतून सुटला होता.

मग याहून मोठे कीटक का नाहीत? मांजराएवढा भुंगा का नाही? हा प्रश्न मुलाने विचारला नसला तरी विचारील, म्हणून सांगून ठेवतो. कीटकांना फुप्फुसं नसतात आणि त्यांचं रक्त आपल्यासारखं प्राणवायू वाहत नाही. अंगाच्या कडेला बारीक छिद्रं असतात, तिथून श्वासनलिका फाटे फोडत थेट पेशींपर्यंत जातात. शरीर वाढलं की या नळ्यांना शरीराच्या वाढीपेक्षाही जास्त जागा लागते. २००७ साली अमेरिकेत काही भुंग्यांची क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा खरी अडचण पायाच्या सांध्यात दिसली. पाय अंगाला जोडतो तिथली वाट अरुंद असते, आणि मोठ्या भुंग्यात ती श्वासनलिकेनेच भरून जाते. स्नायू, मज्जातंतू, रक्त यांनाही तिथूनच जायचं असतं. हे गणित पुढे वाढवलं तर भुंग्याची कमाल लांबी साधारण १६ सेंटीमीटर निघाली. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातला टायटन भुंगा, म्हणजे शिंग न धरता नुसत्या अंगाने सर्वांत लांब असलेला भुंगा, १६.७ सेंटीमीटरपर्यंत भरतो. इतकं जवळ जाणारं गणित जीवशास्त्रात क्वचित बघायला मिळतं. आणि या टायटनची अळी आजवर निसर्गात कोणाला सापडलेली नाही.

प्राणवायूचा हा धागा पकडला की जुने राक्षसी कीटकही समजतात. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू ३० टक्क्यांच्या वर होता, आज तो २१ टक्के आहे. त्या सुमाराला चतुरांच्या दूरच्या भाऊबंदांचे पंख ७० सेंटीमीटरपर्यंत पसरत. त्यांतल्या मेगॅन्युरॉप्सिसचे ठसे अमेरिकेत कॅन्ससमध्ये मिळाले. २०१२ साली दोन संशोधकांनी १०,५०० हून जास्त जीवाश्म पंखांची मापं एकत्र केली. प्राणवायू वाढला-घटला तसे कीटकही मोठे-लहान होत गेले, असं त्यात दिसलं. हे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत चाललं. त्यानंतर पक्षी आले. प्राणवायू पुन्हा वाढला तरी कीटक वाढले नाहीत, कारण मोठा आणि संथ उडणारा कीटक पक्ष्याच्या तोंडी आधी जातो. तुमच्या पतंगाच्या पंखावर सापाचं तोंड का आहे, याचं मूळ तिथवर मागे जातं.

मोठे कीटक बेटांवर, उंच शेंड्यांवर, रात्रीच्या अंधारात तगले आहेत, आणि अशी जागा एकदा बिघडली की ते फार लवकर जातात. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाउ बेटावर हातभर नव्हे पण हाताच्या पंजाएवढा, जाडजूड काळा काडीकिडा भरपूर होता. १९१८ साली ‘मकांबो’ नावाचं जहाज तिथे अडकलं, त्यातले उंदीर किनाऱ्याला लागले आणि थोड्याच वर्षांत किडा संपला. २००१ साली ‘बॉल्स पिरॅमिड’ या समुद्रातून उभ्या निघालेल्या सुळक्यावर, एका झुडपाखाली, त्यातले २४ जिवंत सापडले. २००३ साली तिथून दोन जोड्या खाली आणल्या आणि मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात त्यांचा वंश वाढवला.

आता आपल्या रानाकडे. गोव्यात बसून मोठे कीटक बघायला अ‍ॅमेझॉन गाठावं लागत नाही, म्हादई, मोले, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव ही सगळी जंगलं हाकेच्या अंतरावर आहेत. सह्याद्री बर्डविंग हे काळं-पिवळं फुलपाखरू तुम्ही झाडांच्या वरून संथ जाताना पाहिलं असणारच. १९३२ साली ब्रिगेडियर एव्हान्स यांनी नोंदवलेल्या १९० मिलिमीटरच्या नमुन्यामुळे भारतातलं सर्वांत मोठं फुलपाखरू हा मान त्याच्याकडे होता. २०२० साली तो हिमालयातल्या गोल्डन बर्डविंगकडे गेला: उत्तराखंडातल्या दिदीहाटची मादी १९४ मिलिमीटर भरली. चार मिलिमीटरचा फरक. सह्याद्री बर्डविंगची अळी ईश्वरीच्या वेलीवर आणि त्याच कुळातल्या झुडपांवर वाढते. पापुआच्या राणीची वेलही याच कुळातली. परसातली ईश्वरी रान समजून उपटली जाते, तेव्हा या फुलपाखराचा पाळणा जातो. वेल असेल तर राखा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. पाणथळ, दाट सावलीच्या जंगलात कागदासारखं पांढरं, काळ्या ठिपक्यांचं मलबार ट्री निम्फ तरंगतं, तेही १२ ते १५ सेंटीमीटरचं.

माड असलेल्यांना गेंडा भुंगा वेगळा दाखवायला नको. तो कोवळा शेंडा पोखरतो आणि पुढे उमललेल्या झावळीवर त्रिकोणी कात्र्या दिसतात. त्याच्या जाड पांढऱ्या अळ्या शेणखताच्या ढिगात असतात, ढीग वेळोवेळी उलथला तर निम्मं काम होतं. हा मात्र राखायचा कीटक नव्हे.

आणि रोयण, म्हणजे वाळवीचं वारूळ. आपण जिला सातेरी म्हणून पुजतो, तिच्या पोटात वाळवीची राणी असते. साधी वाळवी भाताच्या दाण्याएवढीही नाही, पण राणीचं पोट अंड्यांनी फुगून बोटाएवढं होतं. तिला हलता येत नाही. कामकरी तिला भरवतात, ती दिवसाला हजारो अंडी घालते. आफ्रिकेतल्या काही जातींत ती १० सेंटीमीटरच्या पुढे जाते. श्रावणात रोयणीवर येणारी अळमी, म्हणजे अळंबी, याच वाळवीने आत जोपासलेल्या बुरशीची. राणी बघायला रोयण फोडायची गरज नाही, ती तिथे आहे हे माहीत असणं पुरे. अळमी काढतानाही काही मागे सोडावीत, रोयणीला इजा करू नये.

एका कीटकापासून मुलांना सावध ठेवा. शेतात आणि तळ्यात राहणारा पाणढेकूण सात-आठ सेंटीमीटरचा, चपटा, तपकिरी असतो आणि पहिल्या पावसात दिव्यांवर येऊन आदळतो. दक्षिण अमेरिकेतले त्याचे भाऊबंद १२ सेंटीमीटरपर्यंत जातात. पालथा पडलेला दिसला की मुलं उचलायला धावतात. तो चावला तर कळ डोक्यापर्यंत जाते. कागदावर घेऊन पाण्याकडे सोडावा.

गोम, विंचू, कोळी मोजायला घेऊ नका, हे मुलाला आठवीतच पाठ असेल: सहा पाय असतील तरच कीटक.

पतंगाचं माप घ्यायचं असेल तर दिवसा घ्या, तेव्हा तो स्तब्ध असतो. एका पुढच्या पंखाच्या टोकापासून छातीच्या मध्यापर्यंतचं अंतर घेऊन दुप्पट करायचं. दोन्ही पंख सारखे पसरलेले नसले तरी ही पद्धत चालते. एखादा पंख फाटला असेल तर धड बाजू मोजा. सोबत तारीख, गावाचं नाव, नर की मादी आणि जवळपास कोणती झाडं आहेत ते लिहून ठेवा. फोटो काढताना मोजपट्टी त्याच्या अंगाला न लावता भिंतीवर शेजारी धरा आणि कॅमेरा अगदी समोरून सरळ ठेवा. तिरका धरला तर माप कमी दिसतं.